दोघांत एक तोफ

९ फेब्रुवारी

ताई,

तोफ पाठवतोय. लेन्सच्या पेटीच्या डाव्या कडीचा स्क्रू ढिला झाला होता, तो बसवला आहे. चिठ्ठी नेहमीप्रमाणे झाकणात आहे. ऑफिसच्या बोळात सात बॅटऱ्या तिरक्या ओळीत मांडल्या, मधल्या बॅटरीवर फोकस धरला आणि पाहिलं. फोकस जागेवर आणायचा आकडा अधिक दोन. तोच कॅमेऱ्यात घाल आणि मैदानावर जा. आपल्या दोघांचे कॅमेरे एकाच जातीचे, त्यामुळे नऊ वर्षांत एकाची चिठ्ठी दुसऱ्याला कधी चुकली नाही.

अडथळ्यांच्या शर्यतीचा माझा फोटो पाहिलास का? शेवटच्या अडथळ्यात पाय अडकून ती मुलगी पडतेय, अंग जमिनीला समांतर, आणि डोळे तरीही शेवटच्या रेषेवर. बऱ्याच पेपरांनी घेतला. तुझा फोन आला नाही म्हणून विचारतोय. मधल्या एका रविवारी मावशी फोनवर खूप बोलली, पण तू मागे भांडी आवरत होतीस असं ती म्हणाली.

आता मुद्द्याचं. आमची एजन्सी सगळ्यांना एक संधी देते आहे. मेअखेरपर्यंत आपलं जुनं सामान जमा करायचं आणि त्या दुसऱ्या कंपनीचं नवं, आरसा नसलेलं सामान घ्यायचं. माझ्या शेजारी बसणाऱ्या दाढीवाल्याने ते आधीच घेतलंय. ताई, त्याचा कॅमेरा आवाज करत नाही. मी सेकंदाला दहा फोटो काढतो तेव्हा खडखडाट होतो आणि तिरंदाजीच्या स्पर्धेत पंच माझ्याकडे डोळे वटारतात. तो तीस काढतो आणि मांजरासारखा गप्प बसलेला असतो. धावणाऱ्याच्या डोळ्यावर एक छोटा चौकोन जाऊन बसतो, तो मग माणूस वळला, वाकला, दुसऱ्याच्या मागे गेला तरी सोडत नाही.

अडचण एकच. तोफ त्या कंपनीच्या कॅमेऱ्याला बसत नाही. मधे अडॅप्टर लावला तर बसते, पण फोकस इतका रांगतो की शर्यत संपून पदकं वाटून होतील. म्हणजे मी बदललो तर आपली भागी संपली. तोफ निम्मी तुझी आहे, आणि निम्मा मीही तुझ्याच हाताखाली तयार झालोय. म्हणून तुला विचारल्याशिवाय सही करणार नाही. काय करू, ते मोकळेपणाने सांग.

तुझा,
ठोंब्या

---

२ मार्च

ठोंब्या,

तोफ पोचली. ठणठणीत आहे. फुटबॉलचा मोसम ऐन भरात आहे, म्हणून उत्तराला वेळ लागला.

तुझा फोटो पाहिला. न पाहून जाते कुठे? आमच्याच पेपरने पहिल्या पानावर पाच कॉलम लावला, आणि त्याच दिवशी माझा गोलकीपर आत तेराव्या पानावर, पोस्टाच्या तिकिटाएवढा. आईने तुझं कात्रण फ्रिजवर लावलंय. माझी सव्वीस वर्षांची कात्रणं ट्रंकेत आणि तुझं एक फ्रिजवर. पाणी प्यायला गेले की ती पोरगी रोज माझ्या अंगावर पडते.

चांगला आहे फोटो. बराच चांगला आहे, झालं समाधान? उजवीकडचा पंच कापला असतास तर आणखी बरा झाला असता. आणि नशीबही हवं. तू जिथे बसला होतास तिथेच ती पडली, चार हात अलीकडे पडली असती तर तो दाढीवाल्याला मिळाला असता. हे तुझं कौतुक कमी करायला म्हणत नाहीये. म्हणजे म्हणतेय बहुतेक. पण खोटं नाही ते.

आता तुझा तो चौकोन. मला सांग, फोटो चौकोन काढणार की तू? खेळाडू कुठे जाणार हे आधी ओळखणं, हाच आपला धंदा. ते यंत्र ओळखू लागलं तर एजन्सी उद्या तिपाईवर कॅमेरा ठेवील आणि तुला घरी बसवील. शिवाय या नव्या कॅमेऱ्यांत वेगात फिरवलेली बॅट केळ्यासारखी वाकडी येते, असं आमच्याकडच्या एकाने दाखवलं. बॅटरी दुपारपर्यंत टिकत नाही. डोळा लावतोस तिथे खरं मैदान दिसत नाही, मैदानाचा टीव्ही दिसतो. मी टीव्ही बघायला मैदानावर जात नाही.

आणि हात? तुझी बोटं अंधारातही आपल्या कॅमेऱ्याची बटणं शोधतात. दुसऱ्या कंपनीची लेन्स उलटी फिरते, माहीत आहे ना? ऐन वेळी तू डावीकडे फिरवशील आणि ती उजवीकडे जाईल. वर्षभर तरी चाचपडशील.

एवढं सगळं असून बदलायचं असेल तर बदल. मी कोण अडवणारी? फक्त कोणाच्या भरवशावर इतका मोठा झालास तेवढं आठव.

ताई

---

१४ मार्च

ताई,

तुझं पत्र वाचून हसू पण आलं आणि थोडं लागलंही. पंच कापला नाही, कारण त्याचा हात तिला धरायला पुढे आलाय आणि पोचत नाहीये. मला वाटलं ते तुला दिसेल.

एजन्सीने एक दिवस नवा कॅमेरा वापरायला दिला. सायकलच्या शर्यतीला नेला. तू म्हणतेस ते पुष्कळ खरं आहे. लेन्स उलटीच फिरते, मी तीनदा फसलो. बॅटरी दुपारी संपली. बॅटचं मात्र जुन्या मॉडेलबद्दल खरं असेल, यात चाकं गोलच आली. पण वळणावर सोळा जण एका घोळक्यात आले आणि मला हवा होता त्याच्या डोळ्यावर तो चौकोन जो बसला, तो बसलाच. मी फक्त चेहरा बघत होतो. फोकसची काळजी न करता नुसता चेहरा बघायला मिळाला असं नोकरीच्या अठरा वर्षांत पहिल्यांदा झालं. कोण कधी दात खाणार, कोण रडणार, हे मला आधी कळत होतं. ओळखायचं काम माझंच होतं, ताई.

तरी मी घाई करत नाही. एक ठरवलंय. एप्रिलच्या तेरा तारखेला मैदानी स्पर्धांच्या अंतिम फेऱ्या आहेत, एका दिवसात नऊ. तो दिवस मी आपल्या जुन्या कॅमेऱ्यावर आणि तोफेवर करतो. तिथे जमलं तर नव्याचं नाव काढणार नाही. नाही जमलं तर तू मला अडवू नकोस. तोफ दहा तारखेपर्यंत पोचेल असं बघ, म्हणजे मला एकदा बॅटऱ्या मांडून बघता येतील.

मावशीच्या गुडघ्यांना विचारलंय म्हणून सांग.

ठोंब्या

---

११ एप्रिल

ठोंब्या,

उशीर झाला, रागावू नकोस. उपांत्य सामना पुढे ढकलला आणि तोफ हातातून सुटेना. पार्सलवाला म्हणतो तेराच्या सकाळी नक्की तुझ्या दारात. बॅटऱ्या मांडायला वेळ मिळणार नाही, पण मी इथे मांडल्या आहेत. चिठ्ठी झाकणात आहे, आकडा अधिक दोन. डोळे झाकून घाल.

खालच्या बाजूला रंगाचा एक ओरखडा दिसेल. पायऱ्यांच्या कठड्याला घासली, बाकी काही नाही.

तू ही कसोटी ठेवलीस ते बरं केलंस. होऊन जाऊ दे. पाणी पी, टोपी घाल, आणि शंभर मीटरला उभा राहू नकोस, गुडघ्यावर बस. खालून घेतलं की पाय जमिनीवरून उचललेले दिसतात. हे मी तुला विसाव्या वर्षी शिकवलं होतं, पण तू आता मोठा माणूस.

ताई

---

२२ एप्रिल

ताई,

नऊ अंतिम फेऱ्या, आणि एकही फोटो धड नाही.

मैदानावर कळलंच नाही. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर सगळे बरे दिसत होते आणि मी शर्यत संपली की तिथूनच पाठवत होतो. चौथ्या फेरीनंतर डेस्कवरून फोन आला, "डोळे उघडे ठेवून काढताय ना?" तेव्हा मोठे करून पाहिले. प्रत्येक फोटोत फोकस हातभर मागे. धावणाऱ्याचा चेहरा पिठासारखा, आणि त्याच्या मागच्या पंचाच्या शर्टाची शिलाई मोजून घ्यावी. मग मी घाबरलो. पुढे धरून बघितलं, हाताने फिरवून बघितलं, आणि घाबरलेल्या माणसाच्या हातून जे होतं ते सगळं झालं. लांब उडीचा विक्रम मोडला, ताई. माझ्याकडे वाळू आली आहे. फार सुंदर, कणन्‌कण आलेली वाळू.

दुसऱ्या दिवशी सगळीकडे दाढीवाल्याचे फोटो होते.

आधी तोफेवर संशय घेतला होता. मग पेटी उघडली, तुझी चिठ्ठी काढली, अधिक दोन. मी तोच आकडा घातला होता, दोनदा तपासून. तू बघून पाठवलंस म्हणजे तोफ ठीक. कॅमेराही तोच, गेल्या महिन्यापर्यंत नीट चालणारा. मग उरलो मी. बोट उशिरा दाबत असेन, किंवा नजर मागे पडत असेल. बेचाळिशीत असं होतं म्हणतात.

साहेबांनी बोलावून चहा दिला. चहा दिला म्हणजे काय ते समजून घे. डेस्कवर छायाचित्र निवडणाऱ्याची जागा रिकामी आहे. मी हो म्हणालोय. नव्या कॅमेऱ्याचा प्रश्नच मिटला, डेस्कवर कॅमेरा लागत नाही.

तुला जिंकून दाखवायचं होतं की आपलं जुनंच बरं. ते जमलं नाही, त्याची लाज वाटते. मैदान आता तुझं एकटीचं.

ठोंब्या

---

२८ एप्रिल

ठोंब्या,

पत्र पोचलं. वाईट वाटलं. असे दिवस सगळ्यांचे येतात, माझेही आले आहेत. डेस्क काही वाईट नसतो. ऊन नाही, पाऊस नाही, गुडघे शाबूत राहतात, घरी वेळेवर जाता येतं. तुझ्या जागी मी असते तर मीही विचार केला असता.

आई आठवण काढते.

ताई

---

८ मे

ताई,

तोफ परत पाठवतोय. आता ती तुझ्याकडेच राहू दे, मी काय करू? यावेळी चिठ्ठी नाही, बॅटऱ्या मांडायला धीर झाला नाही.

डेस्कवर आठवडा झाला. डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो होतो. ते म्हणाले, डोळे उत्तम आहेत, काही नको. मी तरी चष्मा करून घेतला, अगदी कमी नंबरचा. ते म्हणाले, तुमची इच्छा. तो लावला की नाकावर खूण पडते आणि दिसतं पहिल्यासारखंच.

काल मोसमाच्या आढाव्यासाठी तुझा मार्चमधला गोलकीपरचा फोटो आमच्याकडे आला होता. सुरेख होता. मी वर ठेवला. तुझा नेम अजून तसाच आहे, बघून बरं वाटलं.

ठोंब्या

---

१७ मे

ठोंब्या,

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलंय. या वेळी लिहीन आणि लगेच टपालपेटीत टाकीन, परत वाचणार नाही.

तुझे डोळे नीट आहेत. तुझं बोटही नीट आहे. चष्मा काढून ठेव.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी स्टेडियमच्या ओल्या पायऱ्यांवर माझा पाय घसरला. मी कठड्याला धरलं आणि तोफ सोडली. सात पायऱ्या गेली खाली. सव्वीस वर्षांत मी लेन्स पाडली नव्हती, आणि तू एकदा फ्लॅश पाडलास तर तुला किती वर्षं चिडवलं ते तुला माहीत आहे. बाहेरून फक्त तो ओरखडा आला. आत काहीतरी हललं. घरी बॅटऱ्या मांडल्या तर मधल्या बॅटरीवर धरलेला फोकस शेवटच्या बॅटरीवर. आकडा वाढवत वाढवत अधिक सोळावर आणला तेव्हा कुठे जमलं. मी कॅमेऱ्यात सोळा घातला आणि मोसमभर तसेच फोटो काढले. तू वर ठेवलास तो गोलकीपरही त्याच बिघडलेल्या तोफेचा. एप्रिलपासून जेवढे दिवस ती तुझ्याकडे होती, तेवढे दिवस मी ऑफिसची जुनी लेन्स वापरली.

दोन मार्चला तुला ठणठणीत आहे असं लिहिलं, ते शरमेने. पडली हे सांगायला जीभ रेटेना. तिथवर मी स्वतःला माफ करू शकते.

अकरा एप्रिलचं नाही. पेटी भरताना चिठ्ठीवर आधी सोळाच लिहिलं होतं. ती झाकणात खोचली सुद्धा. मग पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले आणि तुझी ती अडथळ्यांवरची पोरगी समोर होती. पंचाचा हात तिच्यापर्यंत पोचत नाहीये हे मला पहिल्या दिवशीच दिसलं होतं, ठोंब्या. पहिल्या मिनिटाला दिसलं होतं. तो हात कापायला सांगितलं ते तुझा फोटो बिघडावा म्हणून, दुसरं काही कारण नव्हतं. मी तशीच परत आले, सोळाची चिठ्ठी काढून खिशात घातली आणि नवी लिहिली. अधिक दोन. पार्सल दोन दिवस मुद्दाम उशिरा टाकलं. सामना पुढे ढकललाच नव्हता.

का, ते विचारशील. मला जळत होतं. दुसरा शब्द नाही. तू वीस वर्षांचा असताना तुला कॅमेरा धरता येत नव्हता, मी तुझी मनगटं धरून शिकवलं. आणि आता तू मला विचारतोस, बदलू का. तुला बदलता येतं. तू नवीन काही हातात घेतोस आणि एका दिवसात तुला चेहरे दिसायला लागतात. मी आमच्याकडे एकाचा तो कॅमेरा हातात घेऊन बघितला होता. मला बटणं सापडेनात. तो पोरगा हसला आणि मी त्याला म्हटलं, खेळणं आहे. तुला लिहिलेली बॅटरी, बॅट, टीव्ही, ती सगळी त्या दिवसाची चिडचिड. मला वाटलं, तू नऊ फेऱ्यांत एकदा आपटावास. एकदाच. मग आपण दोघं सारखे जुने राहू.

तू डेस्कवर गेलास असं वाचलं तेव्हा मला आधी सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून टाकते. वाईट वाटणं दुसऱ्या दिवशी आलं. तुझ्या चष्म्याचं वाचलं आणि मग मात्र जेवण जाईना. तू तोफेवर संशय घेतलास, कॅमेऱ्यावर घेतलास, स्वतःच्या डोळ्यांवर घेतलास. माझ्या चिठ्ठीवर घेतला नाहीस.

तुझ्या साहेबांना वेगळं पत्र आजच टाकतेय, सगळं जसंच्या तसं. माझ्या क्रीडा संपादकालाही सांगितलं. तो म्हणाला, "बाई, हे मला कशाला सांगितलंत?" आईला अजून सांगितलेलं नाही. तिची वेळ येईल तेव्हा तेही सांगेन.

ताई

---

३ जून

ताई,

पत्र मिळालं. साहेबांनाही मिळालं. त्यांनी मला बोलावलं आणि या वेळी चहा दिला नाही.

मी डेस्क सोडलाय. जुनं सामान जमा केलं आणि नवं घेतलं. दाढीवाल्याने दोन दिवस बसून बटणं लावून दिली. लेन्स उलटी फिरते, पण आता हाताला कळायला लागलंय.

माफ केलं असं लिहायला बसलो होतो, पण तसं वाटत नाही. खोटं कशाला लिहू? पाडलीस ते काहीच नाही, मी दहा लेन्स पाडल्या असत्या. माझं आयुष्य आपटलं ते सोड, तेही उठून उभं राहिलं. पण मी तीन आठवडे आरशासमोर उभा राहून डोळे मिचकावून बघत होतो, एक झाकून दुसरा, दुसरा झाकून पहिला. तेव्हा तू मला लिहिलंस, डेस्क काही वाईट नसतो. ते पत्र मला जास्त टोचतं.

पंधरा तारखेला तुमच्या स्टेडियमवर अंतिम सामना आहे. मला पाठवताहेत. घरी उतरणार नाही, मावशीला काय सांगायचं ते तू ठरव. मैदानावर माझ्याशी बोलायला येऊ नकोस. गोलाच्या डाव्या कोपऱ्यात मी बसतो, तू उजवा घे. ज्याला मिळेल त्याला मिळेल.

तोफ दुरुस्त करून घे. पूर्ण तुझी.

ठोंब्या

---

१६ जून

ठोंब्या,

तू बोलू नकोस म्हणालास, मी बोलले नाही. लिहू नकोस असं म्हणाला नव्हतास.

तोफ दुरुस्त होऊन आली होती आणि माझी जागा चांगली होती. ऊन पाठीमागे, गोलाचं जाळं समोर, मैदानात काही झालं तर माझ्याकडेच येणार. पहिल्या अर्ध्यात मी चांगले फोटो काढले. पण खरं सांगायचं तर मी तुझ्याकडेच बघत होते. तू डोळा लावलास की मीही लावायची. तू कॅमेरा खाली घेतलास की मला वाटायचं, याला मिळालं का काही? तू एकदा हसलास. पलीकडे साठ-सत्तर पावलांवर तू एकटाच हसलास आणि माझा जीव खालीवर झाला, की याला असं काय दिसलं जे मला दिसलं नाही.

अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला कॉर्नर मिळाला. पुढचं तुला माहीत आहे. कप्तान उडाला, चेंडू कपाळावर, गोलकीपरची बोटं चेंडूच्या आणि कपाळाच्या मध्ये. गर्दी ओरडली आणि त्या आवाजाने मला कळलं की गोल झाला. माझा कॅमेरा मांडीवर होता.

संध्याकाळी ऑफिसात तुझा फोटो आला. क्रीडा संपादकाने मला विचारलं, "तुमचा कुठे आहे?"

"माझ्याकडे नाही," मी म्हटलं.

"गोल तुमच्या पुढ्यात झाला!"

"हो. नाही मिळाला."

त्याने तुझा पडद्यावर मोठा केला. गोलकीपरच्या बोटांचे सांधे पांढरे पडलेले दिसतात. कप्तानाच्या डोळ्यात भीती आहे, आनंद अजून यायचाय. असा अर्धा क्षण मी सव्वीस वर्षांत तीनदा पकडला असेल. तो म्हणाला, "पहिल्या पानावर लावतो, पण कोपऱ्यात ही कोण बाई आहे? उजवीकडून कापा."

पान लावणारा पुढे वाकला आणि म्हणाला, "टोपी ओळखीची वाटतेय."

मग मीही वाकून बघितलं. कप्तानाच्या खांद्यामागे, जाहिरातीच्या फळीजवळ, मी बसले आहे. धूसर आले आहे, पण टोपी कळते, मांडीवरचा कॅमेरा कळतो आणि मान कुठे वळली आहे तेही कळतं. माझ्या मागे स्टेडियमभर माणसं उभी आहेत, प्रत्येकाचं तोंड चेंडूकडे. एकटी मी त्यांच्याबरोबर बघत नाहीये. सरळ तुझ्या लेन्समध्ये बघते आहे.

"कापू नका," मी म्हटलं. "मी आहे ती."

"तुम्ही तिकडे काय बघताय?" संपादकाने विचारलं. मी टोपी काढून टेबलावर ठेवली. फोटो पूर्ण गेला, सहा कॉलम.

तू काढताना मला पाहिलं नसशील हे मला माहीत आहे, तू चेहरा बघत होतास. आता पेपर उघडशील तेव्हा बघ. तुझा फोटो माझ्या कुठल्याही फोटोपेक्षा चांगला आहे, आणि तो कॅमेराही चांगला आहे. मला अजून जळतंय, ठोंब्या. पण आता ते पहिल्या पानावर छापून आलंय, त्यामुळे लपवायला काही उरलं नाही.

ताई